स्फटिकाचें घड्याळ : स्वस्ताईची पारख

मनगटी घड्याळ विकत घेतांना तें आधीं कानाशीं लावून पाहण्याची रीत एके काळीं घरोघरीं होती. घरांतलें वडील माणूस दुकानांत बसे, घड्याळ कानाशीं नेई, टिकटिक एकसारखी चालते कीं मध्येंच अडखळते हें डोळे मिटून ऐके, मग तें तळहातावर तोलून पाही, आणि शेवटीं तबकडीवर ‘१७ ज्युवेल’ अशीं अक्षरें आहेत कीं नाहींत याची खात्री करून घेई. कान, हात आणि डोळे या तीन साक्षीदारांच्या जबानीवर घड्याळाचा निकाल लागे. आज दुकानाच्या कांचेआड मांडलेल्या स्वस्त घड्याळांपुढें हे तिन्ही साक्षीदार मुके झाले आहेत. त्या घड्याळांत तोलचक्राची लगबग ऐकूं येत नाहीं. सेकंदाला एकदां बारीकसा ठोका पडतो, आणि नुसते आंकडे दाखविणाऱ्या घड्याळांत तर तोहि नसतो. वजनाला तें हलकें, आणि ज्युवेल पाहूं गेल्यास एखादें सांपडतें किंवा एकहि सांपडत नाहीं. तरीहि तें घड्याळ आजोबांच्या जपून ठेवलेल्या घड्याळापेक्षां कितीतरी बरोबर वेळ दाखवितें.

तेव्हां प्रश्न असा उभा राहतो कीं, जुनीं मापें निकामी झाल्यावर स्वस्त घड्याळाची पारख करावी तरी कशी? तें स्वस्त आहे म्हणून हलक्या प्रतीचें समजावें, कीं बरोबर चालतें म्हणून उत्तम समजावें? अचूकपणा ही एके काळीं घड्याळांतली सर्वांत महाग वस्तु होती, आणि तीच वस्तु पंधरा-वीस वर्षांच्या अवधींत सर्वांत स्वस्त होऊन बसली. ही उलथापालथ कशी घडली हें ठाऊक झाल्यावांचून, दुकानदाराच्या हातीं ठेवलेले पैसे नेमके कशाचे मोल आहेत हें सांगतां येत नाहीं. म्हणून पारखेचा विचार करण्यापूर्वीं इतिहासाकडे वळणें प्राप्त आहे.

इंग्लंडच्या पार्लमेंटनें १७१४ सालीं कायदा करून, समुद्रावर रेखांश ठरविण्याची खात्रीची रीत दाखवून देणारास २०,००० पौंडांपर्यंत बक्षीस जाहीर केलें. पृथ्वी ४ मिनिटांत १ अंश फिरते. बंदर सोडतांना लावलेलें घड्याळ वाटेंत ४ मिनिटें चुकलें कीं जहाजाचें नकाशावरील स्थान १ अंशानें, म्हणजे विषुववृत्ताजवळ सुमारें १११ किलोमीटरांनीं चुकतें. आणि जहाज खडकावर आदळण्यास याहून फार लहान चूकहि पुरते. जॉन हॅरिसन या सुतारानें आयुष्याचीं बहुतेक वर्षें या एकाच ध्यासांत घालविलीं. त्याचें चौथें यंत्र म्हणजे मोठ्या आकाराचें खिशांतलें घड्याळच होतें. १७६१ सालीं तें जमैकाच्या सफरीवर पाठविण्यांत आलें, तेव्हां ८१ दिवसांत तें अवघे ५ सेकंद मागें पडलें. पुढें लार्कम केंडॉल यानें त्याची हुबेहूब प्रतिकृति तयार केली. तिच्याबद्दल त्याला ४५० पौंड मिळाले, आणि ती बरोबर घेऊन कॅप्टन कुक १७७२ सालीं आपल्या दुसऱ्या जगप्रवासास निघाला. एकेका घड्याळासाठीं एका निष्णात कारागिराचीं वर्षें खर्ची पडत. अचूकपणाचा बाजारभाव तेव्हां असा होता.

स्वस्त घड्याळाचा इतिहास याहून वेगळ्या ठिकाणीं, स्वित्झर्लंडमधील ज्युरा पर्वतांत सुरू होतो. तेथील ला शो-द-फों या गांवीं जॉर्ज फ्रेडरिक रॉस्कॉफ नांवाचा जर्मनींत जन्मलेला घड्याळजी राहत असे. मजुराला परवडेल असें, परंतु भरंवशाचें घड्याळ २० फ्रँकांत द्यावयाचें, अशी त्याची प्रतिज्ञा होती. त्यानें घड्याळ उघडून एकेका भागाला विचारलें कीं, ‘तूं नसलास तर काय बिघडेल?’ मधलें चाक त्यानें वगळलें. माणकांच्या जागीं पोलादाच्या बारीक खिळ्या बसविल्या. कांटे फिरविण्याची निराळी योजना काढून टाकून ते बोटानेंच फिरवावे असें ठरविलें. सारें घड्याळ ५७ भागांत उभें राहिलें. चांदी-सोन्याची पेटी नाहीं, नक्षी नाहीं. परंतु गति देणारी कमान भरपूर मोठी आणि पेटी मजबूत. असलें ओबडधोबड काम करण्यास गांवचे कारागीर सहजासहजीं तयार होईनात. शेवटीं १८६७ सालीं घड्याळ तयार झालें, आणि त्याच सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनांत त्याला कांस्यपदक मिळालें.

रॉस्कॉफच्या यशाची दुसरी बाजूहि लक्षांत ठेवण्यासारखी आहे. त्याची रचना इतकी सोपी होती कीं, थोड्याच काळांत नकला करणारांचा सुकाळ झाला. रॉस्कॉफनें जें वगळलें होतें तें तर त्यांनीं वगळलेंच. परंतु त्यानें जें आग्रहानें राखलें होतें, म्हणजे मजबुती आणि नीट जुळणी, तेंहि त्यांनीं वगळलें. परिणामीं, ज्या माणसानें गरिबाच्या खिशांत चांगलें घड्याळ घातलें, त्याचेंच नांव पुढें कित्येक देशांत हलक्या घड्याळाचें नांव होऊन बसलें. एकच किंमत, एकच रचना; परंतु एका हातांत ती काटकसर होती आणि दुसऱ्या हातांत ती फसवणूक झाली. स्वस्त वस्तु आणि हलकी वस्तु यांतला भेद येथेंच प्रथम स्पष्ट दिसतो.

मात्र रॉस्कॉफलाहि एका गोष्टीपुढें हात टेकावे लागले होते. त्याचें घड्याळ कामापुरती वेळ दाखवी. खलाशाला किंवा ज्योतिर्विदाला हवा तो अचूकपणा २० फ्रँकांत देणें त्याला शक्य नव्हतें. कारण घड्याळांतील चाकें यंत्रावर कापतां येत, परंतु अचूकपणा यंत्रावर कापतां येत नसे. तोलचक्र उभें, आडवें, उलटें, थंडींत आणि उन्हांत सारखेंच चालावें म्हणून प्रत्येक घड्याळ स्वतंत्रपणें, आठवडेच्या आठवडे, अनुभवी हातानें साधावें लागे. पैसे मोजावे लागत ते या हाताचे. हा हात अनावश्यक ठरविणारी वस्तु शेवटीं जमिनींतून मिळाली, आणि ती अगदीं साधी होती. ती म्हणजे स्फटिक.

प्येर क्यूरी आणि त्याचा वडील भाऊ झाक यांनीं १८८० सालीं असें दाखवून दिलें कीं, स्फटिकाच्या विशिष्ट प्रकारें कापलेल्या तुकड्यावर दाब दिला असतां त्याच्या पृष्ठभागीं विद्युद्भार प्रकट होतो. पुढच्याच वर्षीं याच्या उलट क्रियाहि सिद्ध झाली : स्फटिकाला वीज दिली कीं तो किंचित् आकुंचन-प्रसरण पावतो. म्हणजे योग्य रीतीनें वीज पुरविल्यास स्फटिकाचा तुकडा अखंड कंप पावत राहतो, आणि त्याच्या कंपनांची गति त्याचा आकार व काप यांवरून ठरते. अमेरिकेंतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेंत वॉरन मॅरिसन आणि त्याचे सहकारी यांनीं १९२७ सालीं या कंपनांवर चालणारें पहिलें घड्याळ तयार केलें. लंबकाच्या उत्तमोत्तम घड्याळांना स्फटिकानें लवकरच मागें टाकलें. १९३० नंतरच्या दशकांत जर्मन शास्त्रज्ञांना अशा घड्याळांच्या साहाय्यानें असें आढळलें कीं, खुद्द पृथ्वीचें फिरणेंहि ऋतुमानाप्रमाणें किंचित् कमीजास्त होतें. ज्या पृथ्वीवरून घड्याळें लावावयाचीं, तिचीच चूक दाखविणारें घड्याळ माणसाच्या हातीं आलें. परंतु तें कपाटाएवढें होतें, आणि त्याची जागा प्रयोगशाळेंत व वेधशाळेंत होती.

कपाटांतलें हें घड्याळ मनगटावर आणण्याची शर्यत दोन देशांत लागली. स्विस कारखानदारांनीं १९६२ सालीं न्यूशातेल येथें या कामासाठीं एक सामायिक संशोधनशाळा काढली. जपानांत सुवा येथील सीको कंपनीच्या कारखान्यानें १९५९ पासूनच हा उद्योग आरंभिला होता. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं त्यानें सुमारें ३ किलो वजनाचें, उचलून नेतां येण्याजोगें स्फटिकाचें घड्याळ वापरांत आणलें. १९६७ सालीं न्यूशातेलच्या वेधशाळेंतील स्पर्धेंत स्विस आणि जपानी या दोन्ही पक्षांचीं स्फटिकाचीं मनगटी घड्याळें उतरलीं, आणि वरच्या जागा स्विस घड्याळांनीं पटकावल्या. शोधांत स्वित्झर्लंड मागें नव्हतें, हें येथें ध्यानांत घ्यावयास हवें.

परंतु बाजारांत पहिला आला तो जपान. २५ डिसेंबर १९६९ या दिवशीं सीकोचें ‘ॲस्ट्रॉन’ हें घड्याळ टोकियोंत विक्रीस आलें. त्यांतील स्फटिक सेकंदाला ८,१९२ कंपनें करी, आणि महिन्याला ५ सेकंदांहून अधिक चूक होणार नाहीं अशी हमी कारखानदार देत असे. पेटी सोन्याची होती आणि किंमत ४,५०,००० येन. तेवढ्या पैशांत त्या वेळीं जपानांत लहान मोटारगाडी मिळे. पुढच्या वर्षीं सुमारें २० स्विस कंपन्यांनीं मिळून आपलें ‘बीटा २१’ हें यंत्र विक्रीस काढलें. त्याचीं घड्याळेंहि श्रीमंतांसाठींच होतीं. १९७२ सालीं अमेरिकेंतील हॅमिल्टन कंपनीचें ‘पल्सर’ आलें. त्याला कांटेच नव्हते. बटण दाबलें कीं तांबडे आंकडे उजळत. सोन्याच्या पेटींतील या घड्याळाची किंमत होती २,१०० डॉलर. येथवर सारें जुन्या रीतीस धरूनच चाललें होतें : अधिक अचूक तें अधिक महाग.

आणि मग चारपांच वर्षांतच तो नियम मोडला. १९७६ सालीं टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीनें प्लॅस्टिकच्या पेटींतील आंकड्यांचें घड्याळ २० डॉलरांना आणलें, आणि पुढच्या वर्षीं ती किंमत निम्म्यावर आली. या घसरगुंडीचें कारण व्यापाऱ्यांच्या चढाओढींत होतें त्याहून अधिक वस्तु बनविण्याच्या रीतींत होतें. स्फटिकाचा तुकडा हातानें घांसून जुळवावयाचा काळ संपला होता. छायाचित्राच्या तंत्रानें आकृति उमटवून आणि रसायनानें कोरून, द्विशूलाच्या आकाराचे चिमुकले स्फटिक एका पातळ चकतींतून पुष्कळसे एकदम काढतां येऊं लागले. त्यांचीं कंपनें मोजणारें विजेचें मंडल सिलिकनच्या कपचीवर तशाच रीतीनें छापलें जाऊं लागलें. कंपनांची संख्या ठरली सेकंदाला ३२,७६८. ही संख्या लहरीनें निवडलेली नाहीं : ती पंधरा वेळां निम्मी केली कीं बरोबर १ उरतो. मंडल हेंच करतें. पंधरा वेळां निम्मेपणा करून सेकंदाला एक इशारा देतें, आणि त्या इशाऱ्यासरशीं कांटा एक घर पुढें सरकतो. जुन्या घड्याळाचें तोलचक्र सेकंदाला ५ ठोके देई. येथें जवळजवळ ३३,००० कंपनें होतात. ज्या अचूकपणासाठीं पूर्वीं प्रत्येक घड्याळामागें एक हात राबे, तो आतां स्फटिकांतच बसून आला, आणि तोहि हजारों घड्याळांत एकाच वेळीं.

या स्वस्ताईची किंमत कोणीं दिली, हेंहि पाहिलें पाहिजे. ज्युरा पर्वतांतील गांवें पिढ्यान्‌पिढ्या घड्याळांवर जगत होतीं. हिवाळ्यांत बर्फानें शेतें झांकलीं कीं शेतकरी खिडकीशीं बसून चाकें, खिळ्या आणि कमानी घडवीत. पुढें कारखाने झाले तरी एकेका भागाचा एकेक लहान कारखाना, ही रीत बरीचशी टिकून राहिली. १९७० च्या सुमारास स्विस घड्याळधंद्यांत सुमारें ९०,००० माणसें होतीं. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास ती संख्या ३०,००० हून थोडीच अधिक राहिली. दोष एकट्या स्फटिकाचा नव्हता. स्विस फ्रँक महाग झाल्यानें परदेशीं माल खपेना, आणि १९७५ च्या मंदीनें मागणी आटली. तरीहि मूळ घाव स्फटिकाचाच होता. कारण ज्या कौशल्यावर त्या माणसांचा भाव ठरत असे, तें कौशल्य आतां कोणी विकत घेत नव्हतें. आयुष्यभर तोलचक्र साधण्यांत घालविलेल्या पन्नाशीच्या कारागिराला विजेच्या मंडलांच्या कारखान्यांत देण्याजोगें काम थोडेंच होतें.

या आपत्तींतून स्वित्झर्लंड सांवरलें तें पुन्हां एका स्वस्त घड्याळाच्या आधारानें, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे. ग्रेंखेन येथील ईटीए कारखान्याचे प्रमुख एर्न्स्ट थोमके, आणि एल्मार मोक व झाक म्युलर हे दोन तरुण अभियंते यांनीं रॉस्कॉफचाच प्रश्न नव्यानें विचारला. पेटी निराळी आणि यंत्र निराळें कां असावें? पेटीचा तळ हाच यंत्राचा पाया कां असूं नये? त्यांच्या घड्याळाचे भाग ५१ झाले, ते सारे वरच्या बाजूनें यंत्रांकडून बसविले जात, आणि शेवटीं वरची पारदर्शक कांच ध्वनिलहरींनीं प्लॅस्टिकच्या पेटीला कायमची जोडली जाई. १ मार्च १९८३ रोजीं झुरिकमध्यें ‘स्वॉच’ या नांवानें तें प्रसिद्ध झालें. किंमत ४० ते ५० फ्रँक. पाण्यानें बिघडत नाहीं, धक्क्यानें सहसा थांबत नाहीं, आणि नाना रंगांत मिळतें, म्हणून तें लाखों लोकांनीं घेतलें. त्या उत्पन्नानें स्विस धंद्याला उभारी आली. परंतु त्या घड्याळांत एक नवीन गोष्टहि होती : तें उघडतां येत नसे. मागील झांकणींतून सेल बदलावा. त्यापलीकडे आंत शिरण्यास घड्याळजीला वाट नव्हती. रॉस्कॉफनें पुष्कळ कांहीं वगळलें होतें, परंतु दुरुस्ती वगळली नव्हती. ती येथें वगळली गेली, आणि तीहि अगदीं उघडपणें व विचारपूर्वक.

हिंदुस्थानांत हाच बदल थोडा उशिरां, पण तितक्याच निश्चयानें आला. सरकारी मालकीच्या एच. एम. टी. कारखान्यानें १९६१ सालीं जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानें बंगलोरला मनगटी घड्याळें काढण्यास आरंभ केला. मॅट्रिक झालेल्या मुलाला किंवा नव्या जांवयाला द्यावयाच्या भेटींत पुढें एक पिढीभर या घड्याळांना मानाचें स्थान होतें, आणि किल्लीचें ‘जनता’ घड्याळ तर आजहि कित्येक घरांतून सांपडतें. १९८४ सालीं टाटा उद्योगसमूह आणि तामिळनाडूचें औद्योगिक विकास महामंडळ यांनीं मिळून टायटन कंपनी स्थापिली. होसूरच्या कारखान्यांतील तिचीं स्फटिकाचीं घड्याळें १९८७ पासून दुकानांत दिसूं लागलीं. एच. एम. टी.नेंहि स्फटिकाचीं घड्याळें केलीं, परंतु तिचा जीव किल्लीच्या घड्याळांत गुंतलेला होता. अखेर १९१६ च्या नव्हे, २०१६ च्या जानेवारींत, म्हणजे आरंभापासून पंचावन्न वर्षांनीं, केंद्र सरकारनें तिची घड्याळांची शाखा बंद करण्याचा निर्णय घेतला. ज्युरांत जें घडलें त्याचाच हा लहानसा पडसाद होता.

आतां मूळ प्रश्नाकडे वळण्यास हरकत नाहीं. साध्या स्फटिकाच्या घड्याळाला महिन्याला १५ ते २० सेकंदांची सूट दिलेली असते. १९८९ सालीं निघालेलें आणि अद्यापहि विकलें जाणारें कॅसिओचें एफ-९१डब्ल्यू हें अगदीं स्वस्त घड्याळ ३० सेकंदांची सूट मागतें, आणि एका सेलवर सुमारें सात वर्षें चालतें. याउलट, किल्लीच्या किंवा आपोआप किल्ली बसणाऱ्या ज्या महागड्या यंत्रांना स्विस परीक्षासंस्था प्रमाणपत्र देते, त्यांना दिवसाला ४ सेकंद मागें किंवा ६ सेकंद पुढें जाण्याची मुभा असते. म्हणजे स्वस्त घड्याळाची महिन्याची चूक ती महागड्याची तीनचार दिवसांची. तात्पर्य, ‘बरोबर चालतें’ हा आतां स्वस्त घड्याळाचा गुण राहिलेला नाहीं; ती त्याची किमान पात्रता आहे. तेवढ्यावरून तें चांगलें ठरत नाहीं, आणि अधिक किंमत दिल्यानें तें आपोआप अधिक बरोबरहि चालत नाहीं. वर्षाला १० सेकंदांच्या आंत राहणारीं, उष्णतेचा परिणाम स्वतःच भरून काढणारीं स्फटिकाचीं यंत्रें आहेत. सीकोनें तसें एक यंत्र १९९३ मध्यें काढलें. परंतु तीं स्वस्त वर्गांतलीं नव्हेत.

उष्णतेची गोष्ट मात्र स्वस्त घड्याळ वापरणारानेंहि जाणून घ्यावी. हा स्फटिक सुमारें २५ अंश उष्णमानास सर्वांत नेटका चालेल असा कापलेला असतो. त्याहून थंडी वाढो वा उष्णता, घड्याळ मागेंच पडतें. १० अंशांच्या फरकानें दिवसाला सुमारें पाव ते तृतीयांश सेकंद जातो. म्हणून रोज मनगटावर राहणारें घड्याळ फडताळांत पडलेल्या घड्याळाहून पुष्कळदां अधिक नीट चालतें. घड्याळ नवें घेतल्यावर तें एकदां बरोबर लावून महिन्याअखेर किती सेकंदांचा फरक पडला तें पाहावें, आणि दुसऱ्या महिन्यांत पुन्हां पाहावें. फरक किती आहे यापेक्षां तो दोन्ही महिन्यांत सारखा आहे कीं नाहीं, याला महत्त्व अधिक.

दुसरें पाहावयाचें तें यंत्र. जगांतील कितीतरी नांवांच्या घड्याळांत एकच यंत्र बसविलेलें असतें. सिटिझन समूहांतील मियोटाचें एक ज्युवेलचें २०३५ हें यंत्र त्यांपैकीं प्रसिद्ध आहे. त्यामुळें एका नांवाचें घड्याळ दुसऱ्याच्या चौपट किंमतीचें असूनहि आंतून दोन्ही सख्खीं भावंडें असूं शकतात. अशा वेळीं वाढीव पैसा पेटीचा आहे, कीं पट्ट्याचा, कीं केवळ नांवाचा, हें विचारणें ग्राहकाचा हक्क आहे. ओळखीच्या यंत्राचा एक फायदाहि असतो : तें बिघडल्यास संपूर्ण यंत्रच थोडक्या पैशांत बदलून मिळतें.

तिसरें म्हणजे पेटी आणि तिची मिठी. पितळेवर मुलामा दिलेली पेटी मुंबई-कोंकणच्या दमट हवेंत आणि घामांत झिजते, आणि मनगटावर हिरवट डाग पडूं लागतात. गंज न चढणाऱ्या पोलादाची किंवा साध्या प्लॅस्टिकची पेटी यापेक्षां बरी. मागील झांकणावर ‘३० मीटर’ असें लिहिलें म्हणून तें हातांत घालून पोहावें असें नव्हे. तो आंकडा परीक्षेंतील दाबाचा असतो, आणि त्याचा व्यवहारांतील अर्थ हात धुतांना उडणारें पाणी व पावसाचे चार थेंब एवढाच. झांकणाखालील रबराचें कडें वर्षानुवर्षांनीं कडक होतें. सेल बदलतांना तें तपासून घ्यावें, गरज पडल्यास नवें घालावें. आणि सेल संपला तर घड्याळ तसेंच ठेवून देऊं नये. मेलेल्या सेलांतून पाझरणारा द्रव यंत्र खाऊन टाकतो. कांहीं घड्याळांत सेल संपत आला कीं सेकंदकांटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारूं लागतो. पुष्कळ लोक तो बिघाड समजतात, वस्तुतः ती वेळेवर दिलेली सूचना असते.

चौथें आणि शेवटचें, जुळणी. सेकंदकांटा प्रत्येक खुणेवर नेमका टेकतो कीं दोन खुणांच्या मध्यें लोंबकळतो? बारा वाजतांना दोन्ही कांटे एकमेकांवर येतात काय? किल्ली ओढतांना घट्ट आणि सरळ येते, कीं डळमळते? या गोष्टींना पैसा थोडा लागतो आणि लक्ष फार लागतें. म्हणूनच स्वस्त घड्याळ करणारानें आपल्या ग्राहकाला किती मान दिला आहे, हें या ठिकाणीं कळतें. रुग्णालयांतील परिचारिका, रात्रपाळीचा पहारेकरी, परीक्षेला बसणारा विद्यार्थी यांचें घड्याळ बहुधा याच वर्गांतलें असतें, आणि तें ऐन वेळीं थांबल्यास त्यांचें होणारें नुकसान श्रीमंताच्या नुकसानीहून मोठें असतें.

रॉस्कॉफपासून स्वॉचपर्यंत स्वस्त घड्याळाच्या प्रत्येक कर्त्यानें कांहीं ना कांहीं वगळलेंच आहे. वगळल्यावांचून स्वस्ताई येत नाहीं. पारख करावयाची ती काय वगळलें याची. सोनें, नक्षी, ज्युवेलांची संख्या, पेटीचें वजन हें गेलें तर ग्राहकाचें कांहीं जात नाहीं. मजबुती, जुळणी, पाण्याला अटकाव आणि दुरुस्तीची वाट गेली तर तें घड्याळ कितीहि बरोबर चालत असलें तरी महाग पडलें असें समजावें. म्हणून दुकानांत बसलेल्या वडील माणसानें आतां घड्याळ कानाशीं नेण्याचे श्रम घेऊं नयेत. तें उलटें करावें, पाठीमागें उघडण्याजोगें झांकण आहे कीं नाहीं हें पाहावें, आणि आपल्याच रस्त्यावरचा घड्याळजी तें उघडून देईल काय, एवढें दुकानदाराला विचारावें.